नकलेची परवानगी

कपाशी फुटली की आमच्या दारासमोरच्या रस्त्याचा आवाज बदलतो. कार्तिकापासून गाड्यांची रीघ लागते. कापसाची गाडी जड नसते, नुसती फुगलेली असते. तिच्या चाकांचा आवाज दबका आणि बैलांच्या घुंगरांचा मोठा. दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकतात, आणि परकोटाच्या दरवाजापाशी वारा वळतो तिथे सुटे पुंजके गोल गोल फिरत राहतात. माझा घसा धरतो. सूनबाई म्हणते, "मामंजी, खिडकी लावून घ्या, कापूस बाधतो तुम्हाला." मी खिडकी लावून घेतो. पण खिडकी लावून भागत नाही. इतरांना या दिवसांत लक्ष्मी आठवते. मला एक अर्ज आठवतो, आणि आता पेन्शनीत इतकी वर्षं बसून काढली तरी त्या अर्जाची आठवण आली की माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा अमरावतीला एका कचेरीत कारकून होतो. कचेरी म्हणजे गवताने शाकारलेल्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. एका साहेबाला हुकूम झाला होता की वऱ्हाडचा सगळा वृत्तांत लिहून काढावा: गावं कोणी वसवली, राज्यं कोणकोणाची झाली, दुष्काळ कधी पडले, पिकं कोणती निघतात. लिहिणार साहेब, आणि त्याला सामान पुरवणारे आम्ही दोघं. मी मोडी वाचायचो. फारसी वाचायला अचलपूरचे एक म्हातारे मुनशी होते, नवाबाच्या वेळच्या दप्तरात हात काळे केलेले. ते मला पंडितजी म्हणत, मी त्यांना मुनशीजी. साहेब माणूस वाईट नव्हता. नेमाने काम करी, कोणाला अपशब्द बोलत नसे. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा बजावायचा. कागदावर असेल तेच घ्यायचं, लोकांच्या तोंडचं काही घ्यायचं नाही. आणि कचेरीत जे वाचलं ते कचेरीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

आणि हे काम निघालं कधी, तर नेमकं त्या दिवसांत. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला. तो हंगाम ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही. माणसं गाद्या उसवून आतला जुना कापूस विकत होती. गावोगाव रेचे सकाळपासून कुरकुरत. त्यांतून एकीकडे रुई पडे, दुसरीकडे सरकी. हवेत तंतू इतके की पाण्याच्या भांड्यावर साय धरावी तशी पांढरा पापुद्र्याचा थर धरे. ज्वारीच्या जागी कपाशी, तुरीच्या जागी कपाशी, गावठाणाच्या उकिरड्याशेजारी कपाशी. अशा दिवसांत मी गावोगाव हिंडून विचारायचो, तुमच्या गावाचा इतिहास काय, त्याचे कागद कोणाकडे.

मला गाडी मिळत नसे. वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या गाड्या कापसाला लागलेल्या. सरकारी चिठ्ठी दाखवली तर गाडीवान हसायचा. मग मी पायी निघायचो, खांद्याला झोळी, तिच्यात शाईची दौत आणि कोरे ताव. गावात पोचावं तर चावडी ओस. सगळं गाव वेचणीला. एका गावच्या पाटलाने मला शेतातच गाठायला लावलं. त्याच्या ओटीत कापूस, हात चाललेला, मान वर नाही. म्हणाला, "हे पाय भाऊ, गोष्टी आमी उनायात सांगत असतो. आता कापूस येचू का तुमाले आज्याचं नाव सांगू?" दुसऱ्या गावी लोकांना वाटलं नवा फाळा बसणार. जुने कागद आहेत का म्हटलं की बायका दार लोटून घेत. संध्याकाळी परत यावं तर झोळीतले ताव सकाळइतकेच कोरे.

चांदूर बाजारच्या पलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या घरात आज लेकीसुना नांदतात. तिथल्या देशपांड्यांकडे परगण्याचं जुनं दप्तर असल्याचं मुनशीजींना ठाऊक होतं. मी गेलो तेव्हा देशपांडे अंगणात उभे राहून कापूस आत भरून घेत होते. ओसरी भरलेली, माजघर भरलेलं, आणि दप्तराची खोली तर आढ्यापर्यंत. मी म्हटलं, "दप्तर कुठे आहे?"

"हाये की. कोठ्यात."

कोठा म्हणजे त्यांचा गुरांचा गोठा. म्हशींच्या पलीकडे, कडब्याच्या गंजीला टेकून, दप्तराचे रुमाल रचलेले. रुमाल म्हणजे कागद बांधायची लाल कापडं. तीही काहींची सोडून नेलेली, कापूस बांधायला. उघडे कागद तसेच पडलेले. एका गठ्ठ्यावर म्हैस बसली होती. मी तिला उठवायला गेलो तर ती उठेना, आणि मला त्या वेळी इतका राग आला की मी सरकारी नोकर आहे, परक्याच्या घरी आहे हे विसरून त्या मुक्या जनावराला झोळीने बडवलं.

देशपांडे मागे उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "साहेबाले पायजेत काय? मंग न्या ना सगळे. मले तं जागाच पायजे. सरकाराले सांगजा, देशपांड्यानं खुशीनं देले."

दिले खरे, पण न्यायचे कशाने? गावात एक गाडी रिकामी नव्हती. मी त्या गठ्ठ्यांपाशी तसाच बसलो. तेवढ्यात वांग्यांची टोपली घेऊन एक बाई वाड्यात आली. तिशीची असेल. देशपांड्यांकडे भाजी टाकून ती जाताना थांबली. गिरजा तिचं नाव, गावच्या माळ्यांची सून. नाल्याकाठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू, आणि देवीच्या देवळाला रोजची फुलं. बैलावर टोपल्या लादून ती बाजार करायची. त्या हंगामात गावात जो एक बैल कापसाला जुंपला नव्हता तो हिचा.

"चांदूरपरेंत मी नेतो," ती म्हणाली. वऱ्हाडात बायकाही नेतो, येतो असंच म्हणतात. "पन एक काम करा माया. या कागदाइत आमच्या मळ्याचं काई हाये काय, थे वाचून सांगा. देशपांडे म्हणून राहिले, पुढच्या सालापासून मळा मोडा, तेथी कापूस पेरतो. माया सासरा म्हणते मळा आमाले देल्ला व्हता. त्याचा कागद हाये म्हणते. पन थो कागद ज्याच्या घरात, मळाई त्याचाच म्हणाव लागन ना, महाराज?"

मी म्हटलं, "असला तर नक्की सांगेन."

हे मी म्हटलं. त्या वेळी मला त्यात काहीच अवघड दिसलं नव्हतं. कपाशीच्या मोडलेल्या पऱ्हाट्यांच्या वाटेने आम्ही चांदूरला आलो, तिचा बैल पुढे, वांग्यांच्या टोपल्यांखाली परगण्याचं दप्तर, आणि मी मागे पडलेले कागद वेचत. तिथून ते गठ्ठे अमरावतीला न्यायला मला आठ दिवस धरणं धरावं लागलं, ते वेगळंच.

कागद सापडला. आम्ही दोघं माघाच्या उन्हात कचेरीमागे बसून गठ्ठे सोडत होतो. मुनशीजींनी एक ताव उचलला, वरचा फारसी शिक्का नखाने साफ केला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. खाली मोडी होती. नाल्याकाठचा मळा तुकोजी माळी यास देवीच्या फुलांबद्दल वंशपरंपरा दिला असे, लेकराचे लेकरी अनुभवावा, देशपांडे यांनी हरकत करू नये. पुढे चतुःसीमा. सध्याच्याच देशपांड्यांच्या पूर्वजाची सही. मी तो कागद तीनदा वाचला. अशा वेळी अंगावर जो काटा येतो त्यासाठीच आम्ही ही कामं करतो, नाहीतर दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांची नावं वाचून कोणाचं पोट भरतं?

मुनशीजी म्हणाले, "पंडितजी, एक कागज पर उतार लो और उस औरत को दे दो. अभी."

"साहेबांना विचारावं लागेल."

"साहब को क्या पूछना? कागज उसके घर का है."

मी विचारलं. आजही मला कळत नाही, मी का विचारलं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा जास्त मला वाटत होतं की काम रीतीने झालं म्हणजे ते पक्कं होतं. साध्या हातच्या नकलेला तहसिलीत कोण मानणार? शिक्क्याची नक्कल मिळाली की गिरजाबाईचं काम झालंच. साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ही कचेरी इतिहासाची आहे, तंट्याची नाही. नक्कल द्यायचा अधिकार आपल्याला आहे की नाही हे अकोल्याच्या वरच्या कचेरीला विचारावं लागेल. मी अर्ज लिहिला. अक्षर चांगलं काढलं.

महिनाभर उत्तर नाही, म्हणून चैत्रात मी रजा काढून स्वतः अकोल्याला गेलो. अकोल्याला तेव्हा आगगाडीचा भराव पडत होता, आणि गाडी यायच्या आतच कापूस येऊन थांबला होता. मोर्णा नदीकडे बघावं तर मैदानभर गठ्ठे, उघड्यावर, उन्हात. कचेरीच्या ओसरीवर मी तीन दिवस बसलो. हेडकारकून विड्याचं पान लावत म्हणाला, "तुमचा अर्ज पाहिला. पण याला आधीचा दाखला नाही."

"कसला दाखला?"

"इतिहासाच्या कामाला जमवलेल्या कागदाची नक्कल आधी कोणी मागितली होती, याचा."

"हे कामच नवीन आहे. आधी कोण मागणार?"

"तेच तर," तो म्हणाला. "म्हणून तुमचा अर्ज हैदराबादेला रेसिडेंटसाहेबांकडे पाठवला आहे."

परतीच्या वाटेत बाभळींवरचा कापूस गोळा करणाऱ्या पोरीबाळी दिसल्या. काट्यांनी बोटं रक्ताळलेली, पण पदरात मूठभर जमलेला. मला त्यांचा हेवा वाटला. एवढ्या खटपटीनंतर माझ्या हातात तेवढंही नव्हतं.

वैशाखात गिरजा कचेरीत आली. गावापासून पायी. ओसरीच्या खाली उन्हात उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.

"काई निंघालं काय जी कागदात?"

मुनशीजी आत होते. त्यांनी लिहिणं थांबवलं ते मला ऐकू आलं. मी म्हटलं, "अर्ज वर गेला आहे, बाई."

"वर म्हंजे कोठी?"

"हैदराबादेला. परवानगी आली की सांगतो."

"आता मिरग येऊन राहिला. देशपांड्यानं नांगर धरून ठेवला हाये. थो पाऊस काई हैदराबादेले इचारून येत नाई, महाराज."

हो, कागद आहे, तुमच्या सासऱ्याचं खरं आहे, एवढे चार शब्द माझ्या जिभेवरच राहिले. ते बोलायला शाई लागत नव्हती. ती पदराने तोंड पुसून निघून गेली. मुनशीजी त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले, ते फक्त कामाचं.

मृगात मळा मोडला. विहिरीवरची मोट काढली, पाट सपाट केले, झेंडूच्या वाफ्यांतून नांगर फिरला. श्रावणात सरकारी मोजणीचे लोक आले आणि जमिनीवर उभं पीक पाहून त्यांनी देशपांड्यांचं नाव लिहून घेतलं. मोजणीचं मला पुढे कळलं, मळा मोडल्याचं मात्र लगेच कानावर आलं. मी तेव्हा साहेबाच्या लिखाणाच्या शुद्ध प्रती काढत होतो. एके दिवशी माझ्यासमोर ओळ आली, की या भागातल्या लोकांनी बागायत मोडून आपखुशीने कापूस धरला. मी लेखणी ठेवली आणि साहेबाकडे गेलो. नोकरीत मी साहेबाशी वाद घातला तो एकदाच. मी म्हटलं, सगळ्यांनी आपखुशीने नाही. एका मळ्याचा कागद आपल्याकडेच आहे.

साहेबाने तो कागद मागवला, मुनशीजींकडून शिक्का आणि माझ्याकडून मोडी वाचून घेतली. म्हणाला, कागदावरून मळा दिल्याचं सिद्ध होतं. मोडल्याचं होत नाही. मोडल्याचा कागद आहे का?

मोडल्याचा कागद कोण लिहून ठेवणार? तरी त्याने माझ्या समाधानासाठी खाली एक तळटीप घातली. पुस्तक छापून आलं तेव्हा मी पहिल्यांदा ते पान उघडलं. आपखुशी जागेवर होती. तळटीप नव्हती. जागा पुरली नाही, असं कोणीतरी सांगितलं.

पण छपाई ही पुढची गोष्ट. परवानगी आली ती दिवाळीनंतर. हैदराबादेहून अकोल्याला, अकोल्याहून अमरावतीला. तीन कचेऱ्यांचे शेरे. नक्कल देण्यास हरकत नाही. मी त्याच दिवशी नक्कल केली, शिक्का मारून घेतला, आणि चांदूरच्या वाटेला लागलो. आधी तहसिलीत गेलो. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "हरकतीची मुदत संपली. मोजणीच्या वेळी आणला असता तर काम झालं असतं." तेव्हा अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी येऊन भाव पडलेला. बाजाराच्या कडेला कापसाच्या गाड्या सुटल्या होत्या, बैल रवंथ करत होते आणि धनी गाडीच्या छायेत बसले होते.

गिरजा भाजीबाजारात भेटली. तिच्या पुढ्यात दुसऱ्याच्या मळ्यातून उक्ती घेतलेली मेथी होती, कोमेजलेली. शेजारी पोत्यावर तिचा सासरा बसलेला, तुकोजी माळ्याचा नातू, डोळ्यांनी अधू झालेला. मी उकिडवा बसलो आणि म्हटलं, "कागद आणला."

तिने हात पुसले. "वाचा."

मी वाचला. भोवतीच्या माळणींनी मापं खाली ठेवली. एक गिऱ्हाईक उभं राहिलं, मग दुसरं. लेकराचे लेकरी अनुभवावा, इथे आलो तेव्हा गिरजा म्हणाली, "म्हंजे व्हता थो आमचा."

"हो."

"तुमाले कवा समजलं?"

"माघात."

"मी वैशाखात आल्ती."

"हो."

"तवा काहून नाई सांगतलं?"

माझ्याजवळ उत्तर होतं. परवानगी, अधिकार, शिक्का, तीन कचेऱ्या. त्यातलं काही त्या मेथीच्या जुड्यांसमोर बोलता आलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." माफ केलं असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "पुढं वाचा. बुढ्याले ऐकू द्या."

मी चतुःसीमा वाचल्या. पूर्वेस नाला. दक्षिणेस देवीची वाट. उत्तरेस पांदण रस्ता. पश्चिमेस चिंचेचे झाड. म्हातारा इतका वेळ मान खाली घालून ऐकत होता, त्याने हात वर केला.

"चिच नाई थे," तो म्हणाला. "मोव्ह व्हता. मोव्हाचं झाड. मी चढो ना त्याच्यावर, लायना असतानी. लेयनाऱ्यानं चुकीचं लेयलं."

"कागदावर चिंच आहे, बाबा."

"असन. मोव्ह व्हता."

"मंग तसं लिवा, महाराज," गिरजा म्हणाली.

शिक्क्याच्या नकलेवर वरून काही लिहिलं की ती नक्कल बाद होते. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता कोठी दाखवाची हाये थे?"

मी झोळीतून दौत काढली. त्या बाजारात, भाजीच्या चिखलात उकिडवा बसून, समासात लिहिलं: पश्चिमेस मोहाचे झाड, तुकोजीचा नातू समक्ष सांगतो. खाली माझी सही केली. वारा सुटला होता. शाई वाळेपर्यंत म्हाताऱ्याने कागदाच्या कोपऱ्यावर आपला तळहात दाबून धरला.